उपचार राहिलेल्या केसांचा

डोक्यावर पुन्हा पुन्हा पुळ्या येतात, त्यांत पू धरतो, खपली बसते आणि खपली निघाल्यावर खालची कातडी गुळगुळीत, चकचकीत व कायमची बिनकेसांची होते. अशा विकारांच्या रुग्णांचा प्रवास बहुधा एकाच वाटेने होतो. आधी केसतोड म्हणून दुर्लक्ष होते. मग कोंडा समजून शाम्पू बदलले जातात, खवडे समजून बुरशीवरचे मलम लावले जाते, चाई समजून लसूण चोळला जातो. पाच-सात दिवसांच्या अँटिबायोटिकने पुळ्या बसतात आणि थोड्याच दिवसांत त्याच जागी परत येतात. डॉक्टर बदलतात, वर्षे जातात, रुपयाएवढे टक्कल तळहाताएवढे होते आणि शेवटी ‘हा रोग चिवट आहे, याला औषध नाही’ असा निकाल लागतो. रोग चिवट आहे हे खरेच. पण त्याच्या या लौकिकात आपल्या मोजमापाचाही मोठा वाटा आहे. गेलेले केस परत आले तरच उपचार लागू पडला, असे रुग्ण धरून चालतो. पुळ्या बसल्या की काम झाले, असे घाईतला डॉक्टर धरून चालतो. या रोगांना दोन्ही कसोट्या लागू पडत नाहीत. रोग किती काळ शांत राहिला आणि शिल्लक केसांपैकी किती वाचले, हीच कसोटी इथे उपयोगाची आहे. ती स्वीकारली की कोणते औषध, केव्हा आणि किती काळ, या प्रश्नांची उत्तरेही बदलतात.

याचे कारण केसाच्या घडणीत आहे. डोक्यावर दिसणारा केस निर्जीव असतो, पण तो ज्या खोबणीतून उगवतो तो केशकूप जिवंत असतो. माणसाच्या डोक्यावर असे साधारण एक लाख केशकूप असतात. प्रत्येकाचे आपापले चक्र चालू असते : दोन ते सहा वर्षे वाढ, मग दोन-तीन आठवड्यांत आवराआवर, मग सुमारे तीन महिने विश्रांती, आणि जुना केस गळून नव्याची सुरुवात. दर फेरीला केशकुपाचा खालचा भाग जवळजवळ मोडतो आणि नव्याने उभा राहतो. हे काम ज्या मूलपेशी करतात त्या तळाशी असतील, असे पूर्वी वाटत असे. १९९० साली जॉर्ज कोत्सारेलिस, टंग-टिएन सन आणि रॉबर्ट लॅव्हकर यांनी उंदरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवले की त्या बऱ्याच वर, केस उभा करणारा बारीक स्नायू केशकुपाला जिथे चिकटतो तिथल्या फुगवट्यात राहतात. एका रोगात केस परत का येतात आणि दुसऱ्यात का येत नाहीत, हे कोडे या शोधामुळे सुटायला मदत झाली. चाईमध्ये शरीराच्या संरक्षक पेशी केशकुपाच्या तळावर हल्ला करतात. वरच्या मूलपेशी शाबूत राहतात, त्यामुळे वर्षांनंतरही तिथे केस उगवू शकतो. वण पाडणाऱ्या रोगांत मात्र हल्ला वरच्या भागावर, थेट या मूलपेशींच्या शेजारी होतो. त्या मेल्या की केशकुपाच्या जागी तंतुमय ऊती भरते. कातडीवरचे छिद्रच बुजते. तिथे कोणतेही तेल, गोळी किंवा इंजेक्शन केस उगवून आणू शकत नाही, कारण ते उगवून आणणारे यंत्रच तिथे उरलेले नसते.

असा वण पाडणारा रोग एकच नाही, ते एक कुटुंब आहे. २००१ साली उत्तर अमेरिकेतील केस-संशोधकांच्या संघटनेने त्याची जी विभागणी केली ती आजही वापरात आहे. सूक्ष्मदर्शकाखाली केशकुपाभोवती कोणत्या पांढऱ्या पेशींची गर्दी दिसते, यावर ती आधारलेली आहे. लिम्फोसाइटांची गर्दी असेल तर लायकेन प्लॅनोपायलॅरिस किंवा डिस्कॉइड ल्युपससारखे रोग. इथे पू नसतो, खाज, जळजळ आणि केसाच्या बुडाशी खवले असतात. न्यूट्रोफिलांची गर्दी असेल तर पू करणारे रोग; त्यांत फॉलिक्युलायटिस डेकाल्व्हन्स आणि डिसेक्टिंग सेल्युलायटिस हे दोन प्रमुख. तिसऱ्या गटात दोन्ही पेशींची सरमिसळ असते. मानेच्या मागे केसांच्या रेषेवर कडक गाठी आणणारा अॅक्ने केलॉइडॅलिस हा त्यातला ठळक रोग. ही विभागणी केवळ ग्रंथातली नाही. ज्या औषधाने पहिला गट आटोक्यात येतो, ते दुसऱ्या गटाला बहुधा पुरत नाही. म्हणून ‘डोक्यावर वण पडतोय, काय लावू?’ या प्रश्नाला रोगाचे नाव कळेपर्यंत उत्तर नसते.

या कुटुंबातला सर्वांत बोलका रोग म्हणजे फॉलिक्युलायटिस डेकाल्व्हन्स. फ्रेंच वैद्य शार्ल-यूजेन कँको यांनी १८८८ साली त्याचे वर्णन केले. तो तरुण आणि मध्यमवयीन माणसांना, त्यातही पुरुषांना अधिक होतो. सुरुवात बहुधा टाळूवर किंवा डोक्याच्या मागच्या भागात होते. टकलाच्या कडेला पुळ्या आणि खपल्या असतात, मध्ये गुळगुळीत वण असतो. एकेका छिद्रातून पाच, दहा किंवा त्याहून अधिक केस ब्रशच्या केसांसारखे झुबक्याने बाहेर आलेले दिसतात. निरोगी डोक्यावर एका छिद्रातून एक ते चार केस निघतात; इथे शेजारचे केशकूप वणात ओढले जाऊन त्यांची तोंडे एक होतात. पुळीतला पू तपासायला पाठवला की अनेकदा स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू सापडतो. साहजिकच मनात येते की हा जंतुसंसर्ग आहे, योग्य अँटिबायोटिक दिले की संपला. रोगाच्या चिवटपणाची अर्धी गोष्ट या समजुतीत आहे.

हा साधा जंतुसंसर्ग असता तर काही गोष्टी जुळायला हव्या होत्या. हा जंतू निरोगी माणसांतही सर्रास आढळतो. साधारण पाचातल्या एका माणसाच्या नाकात तो कायम वस्तीला असतो, आणि त्या माणसांच्या डोक्यावर वण पडत नाहीत. जंतुसंसर्ग घरात एकाकडून दुसऱ्याकडे जायला हवा. हा रोग तसा पसरत नाही. आणि पू स्वच्छ झाल्यावर रोग थांबायला हवा; इथे औषध बंद केले की काही आठवड्यांत किंवा महिन्यांत तो बहुधा पुन्हा डोके वर काढतो. म्हणून आज अनेक त्वचारोगतज्ज्ञ असे मानतात की जंतू हे निमित्त आहे आणि नुकसान करते ती त्याच्यावर उठलेली शरीराची अतिरेकी प्रतिक्रिया. केशकुपात शिरलेल्या न्यूट्रोफिल पेशी जंतूबरोबर मूलपेशींनाही जाळतात. ही मांडणी अजून पूर्ण सिद्ध झालेली नाही, पण उपचारांचा अनुभव तिच्याशी जुळतो. या रोगात डॉक्सिसायक्लिनसारखी जी अँटिबायोटिके महिनोन्महिने दिली जातात, त्यांच्यात जंतू मारण्याच्या गुणाबरोबरच दाह शमवण्याचाही गुण असतो. पाच दिवसांचा कोर्स पू घालवतो. त्यामागचा दाह तेवढ्यात हटत नाही.

यश कशाने मोजायचे, हा प्रश्न किती निर्णायक आहे हे या रोगावरील तीन अभ्यास शेजारी ठेवले की कळते. इंग्लंडमध्ये १९९९ साली पॉवेल, डॉबर आणि गॅटर यांनी १८ रुग्णांना रिफॅम्पिसिन व क्लिंडामायसिन ही जोडी दहा आठवडे दिली. १० जणांना एकाच कोर्सनंतर चांगला गुण आला, आणि दोन-तीन कोर्सनंतर हा आकडा १५ वर गेला. ही जोडी जगभर पहिल्या पसंतीची झाली ती या लेखानंतर. २०१५ साली स्पेनमधील अनेक रुग्णालयांनी मिळून ८२ रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. तिच्यात टेट्रासायक्लिन गटातील औषधांनी ९० टक्के आणि या जोडीने १०० टक्के रुग्ण सुधारले. हे आकडे वाचून रोग जिंकल्यासारखे वाटते. पण त्याच नोंदीत पुढे असेही आहे की ही सुधारणा टिकली सरासरी अनुक्रमे ४.६ आणि ७.२ महिने. त्याच वर्षी जर्मनीतून २८ रुग्णांचा अभ्यास आला. त्यात औषध थांबवल्यावर काय झाले यावर भर होता, आणि क्रम पार उलटला : रिफॅम्पिसिनची जोडी सर्वांत मागे पडली, कारण ती घेतलेल्यांपैकी ८० टक्के रुग्णांचा रोग लवकरच उलटला, आणि मुरुमांसाठी वापरले जाणारे आयसोट्रेटिनॉइन पुढे आले, कारण ते घेणाऱ्यांपैकी ९० टक्के रुग्णांचा रोग औषध बंद झाल्यावरही, काहींचा तर दोन वर्षांपर्यंत, शांत राहिला. स्पेनची नोंद आणि जर्मनीचा अभ्यास वरवर परस्परविरोधी आहेत. खरे तर दोघांचा भर वेगवेगळ्या गोष्टींवर होता. औषध चालू असताना पुळ्या किती बसल्या, हे मोजले तर जोडी जिंकते. औषध सुटल्यावर शांतता किती टिकली, हे मोजले तर ती आयसोट्रेटिनॉइनपुढे हरते.

यावर एक रास्त आक्षेप येईल. १८, २८, ८२ अशा आकड्यांवर विसंबून काही ठरवायचे का? त्यातले बरेच अभ्यास जुनी केसपत्रे चाळून केलेले. औषध आणि बिनऔषधाची गोळी यांची चिठ्ठ्या टाकून तुलना केलेली नाही. सौम्य रुग्णांना एक औषध आणि गंभीर रुग्णांना दुसरे दिले गेले असेल तर निष्कर्ष आपोआप वाकडा होतो. आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच आयसोट्रेटिनॉइन हेच रामबाण, असे इथे म्हणायचे नाही. काही डॉक्टरांचा अनुभव त्याच्या विरुद्धही आहे. पण दुबळ्या पुराव्यातूनही एक गोष्ट स्पेन आणि जर्मनी दोन्ही ठिकाणी सारखी निघते. अँटिबायोटिक चालू असताना आलेला गुण आणि ते सुटल्यावर टिकलेला गुण यांत मोठे अंतर असते. औषधांचा क्रम उद्या मोठ्या चाचण्यांनी बदलेल. हे अंतर मात्र रुग्णाने आजच लक्षात ठेवावे. पुरावा दुबळा असला की निष्कर्ष काढायचा नाही, असे नसते; जेवढा पुरावा पेलेल तेवढाच काढायचा असतो. दुर्मीळ रोगांत हजारो रुग्णांच्या चाचण्या होण्याची वाट पाहत बसले तर तोवर केशकूप थांबत नाहीत.

रिफॅम्पिसिनचा प्रश्न भारतात आणखी एका कारणाने वेगळा आहे. हे औषध क्षयरोगाच्या उपचाराचा कणा आहे. जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत आणि औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या बाबतीत मुंबईचे नाव जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांत घेतले जाते. अशा ठिकाणी छातीत निदान न झालेला सक्रिय क्षय असलेल्या माणसाला टाळूवरच्या पुळ्यांसाठी दहा आठवडे रिफॅम्पिसिन दिले, तर क्षयाच्या जंतूंना एकट्या औषधाशी झुंजण्याचा सराव मिळतो आणि पुढे तेच औषध निकामी ठरू शकते. म्हणून ते देण्याआधी खोकला, ताप, वजन घटणे यांची चौकशी आणि छातीचा एक्स-रे हवाच. त्याशिवाय रिफॅम्पिसिन यकृतातील विकरांना चाळवते. त्यामुळे गर्भनिरोधक गोळ्यांपासून रक्त पातळ करणाऱ्या औषधांपर्यंत अनेकांचा प्रभाव घटतो; गंमत म्हणजे जोडीला दिलेल्या क्लिंडामायसिनचेही रक्तातले प्रमाण ते बरेच खाली आणते. म्हणून काही तज्ज्ञ या जोडीला फेरविचाराच्या यादीत टाकतात. इथे आपली कसोटी पुन्हा कामाला येते. ज्या औषधाचा गुण सरासरी सात महिने टिकतो, त्यासाठी क्षयाच्या राखीव हत्याराची धार घालवायची का? रोग वेगाने पसरत असेल, बाकीचे उपाय हरले असतील, तर उत्तर ‘हो’ असू शकते. पहिल्या भेटीत, पहिली चिठ्ठी म्हणून मात्र ते क्वचितच ‘हो’ असावे.

कुटुंबातल्या इतर रोगांनाही हीच कसोटी लागू होते, औषधे बदलतात. लायकेन प्लॅनोपायलॅरिसमध्ये पू नसतो, म्हणून अँटिबायोटिक हा मुख्य आधार नाही. तीव्र स्टिरॉइडची मलमे, टकलाच्या कडेला चार-सहा आठवड्यांनी ट्रायामसिनोलोनची इंजेक्शने आणि पोटात हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन हा परिचित मार्ग. २०१० साली अमेरिकेत ४० रुग्णांच्या नोंदींवरून हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनचा आढावा घेतला गेला. त्या निमित्ताने संशोधकांनी एक गुणपत्रक तयार केले, आणि त्याचे वैशिष्ट्य असे की त्यात नव्याने उगवलेल्या केसांना गुण नाहीत. खाज, दुखणे, जळजळ, लाली, खवले, वाढीच्या अवस्थेतला केस ओढल्यावर सहज निघतो का आणि टक्कल पसरते आहे का, एवढेच त्यात मोजतात. म्हणजे या क्षेत्रातल्या जाणकारांनी मोजमापाचा प्रश्न स्वतःपुरता सोडवला आहे. तो रुग्णांपर्यंत पोचलेला नाही. पुढे इराणमध्ये २९ रुग्णांवर झालेल्या तुलनेत मेथोट्रेक्सेट हायड्रॉक्सीक्लोरोक्वीनपेक्षा सरस ठरले, पण त्याची रक्ततपासणीची जबाबदारीही मोठी. डिस्कॉइड ल्युपसमध्ये हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन आणि उन्हापासून संरक्षण हा पाया. हा रोग लवकर पकडला तर काही केस परत येतातही, कारण तोवर सगळेच केशकूप मेलेले नसतात. डिसेक्टिंग सेल्युलायटिसमध्ये डोक्यावर मऊ, दुखऱ्या गाठी येतात आणि त्या कातडीखालून एकमेकींना बोगद्यांनी जोडल्या जातात. काखेत व जांघेत वारंवार गळवे आणणारा हायड्रॅडेनायटिस, गंभीर मुरुमे आणि माकडहाडाजवळचा केसांचा नासूर यांच्याशी त्याचे नाते आहे; चौघांतही केशकुपाचे तोंड बुजणे ही पहिली पायरी. म्हणून इथे ते तोंड मोकळे ठेवणारे आयसोट्रेटिनॉइन पुढे असते, आणि ते हरले तर अडालिम्युमॅबसारखी महागडी जैविक इंजेक्शने. गाठ फोडून पू काढल्याने तात्पुरता आराम पडतो, बोगदे तसेच राहतात.

इतकी वेगवेगळी औषधे असतील तर निदान नेमके हवे, आणि इथे बायोप्सीचा विषय येतो. आधीच वण पडणाऱ्या डोक्यावर आणखी एक जखम कशाला, अनुभवी डॉक्टरला नुसते पाहून कळत नाही का, असे रुग्ण विचारतात. काही वेळा कळते. डर्मोस्कोप या भिंगातून पाहिले की झुबके, बुजलेली छिद्रे, केसाच्या बुडाशी खवल्यांची कडी स्पष्ट दिसतात. पण सावळ्या कातडीवर लाली सहज दिसत नाही, तपकिरी किंवा जांभळट छटा तेवढी दिसते, आणि जुन्या वणात सगळे रोग सारखेच दिसू लागतात. बायोप्सी म्हणजे बधिर करून काढलेला चार मिलिमीटर व्यासाचा कातडीचा तुकडा. त्याची जखम एक-दोन टाक्यांत मिटते. तो कुठून घ्यावा हे महत्त्वाचे. गुळगुळीत टकलाच्या मधून घेतला तर अहवालात फक्त ‘वण’ येतो, आणि तो तर डोळ्यांना दिसतोच. रोग धगधगत असलेल्या कडेवरून, केस शिल्लक असलेल्या जागेतून तो घ्यायला हवा. बुरशीची तपासणीही विसरून चालत नाही. लहान मुलांच्या डोक्यावर बुरशीमुळे पू भरलेली मऊ गाठ येते. ती गळू समजून फोडली जाते किंवा तिच्यावर स्टिरॉइड मिसळलेले मलम चोपडले जाते. बुरशी केसाच्या आत असल्याने मलम तिथे पोचत नाही, पोटातूनच औषध लागते. तेवढ्या उशिरात तिथे कायमचा वण पडू शकतो. ज्या रोगात गेलेले परत मिळत नाही, त्यात चार मिलिमीटरचा वण पत्करून दोन वर्षांची चाचपड वाचवणे हा तोट्याचा सौदा नाही.

आणखी एक समजूत दूर करायला हवी : हे सगळे अस्वच्छतेने, तेलाने, हेल्मेटने किंवा न्हाव्याच्या वस्तऱ्याने होते. घर्षण आणि अगदी बारीक कापलेले केस यांनी मानेच्या मागच्या गाठी बळावतात, हे खरे. पण मूळ दोष रुग्णाच्या सवयीत शोधण्याची वैद्यकाची घाई याआधी अंगलट आली आहे. आफ्रिकी वंशाच्या स्त्रियांत टाळूच्या मध्यापासून वण पसरवणारा एक रोग आहे. १९६८ साली अमेरिकेत त्याचे खापर केस सरळ करणाऱ्या तापत्या कंगव्यावर फोडले गेले आणि ती समजूत दीर्घकाळ टिकली. २०१९ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात तपासलेल्या अशा स्त्रियांपैकी सुमारे एक चतुर्थांश जणींत केसाच्या बांधणीशी संबंधित एका जनुकात दोष सापडला. कंगवा पूर्ण निर्दोष ठरला असे नाही; पण सगळा दोष त्या स्त्रियांच्या साजशृंगाराचा नव्हता. आपल्याकडे डोक्याला पू येणाऱ्या तरुणाला ‘डोके नीट धुत नाहीस’ असे सांगण्यात हीच चूक आहे. लाजेने तो टोपी घालून बसतो, आणि उपचाराचे पहिले वर्ष त्या टोपीखाली जाते.

सर्वांत कठीण आक्षेप मात्र वेगळा आहे. गेलेले केस येणारच नसतील, रोग जीवघेणा नसेल आणि पुष्कळदा तो वर्षांनी आपोआप विझतही असेल, तर यकृतावर, डोळ्यांवर, गर्भावर परिणाम करणारी औषधे कशाला? औषधांची भीती खोटी नाही. हायड्रॉक्सीक्लोरोक्वीन दीर्घकाळ घेताना डोळ्याच्या पडद्याला इजा होऊ शकते. म्हणून मात्रा वजनाच्या दर किलोला दिवसाला पाच मिलिग्रॅमच्या आत ठेवतात, सुरुवातीला आणि पाच वर्षांनंतर दरवर्षी डोळे तपासतात. आयसोट्रेटिनॉइन चालू असताना आणि नंतर किमान महिनाभर गर्भ राहू देणे धोक्याचे असते. पण ‘आपोआप विझतो’ या वाक्यात एक फसगत आहे. अनेकदा रोग विझतो तो जाळायला काही उरलेले नसते म्हणून, आणि तो केव्हा विझेल हे आधी सांगता येत नाही. दरम्यान दुखणे, झोपमोड, उशीवरचे डाग आणि लोकांच्या नजरा रोजच्या असतात. वर्षानुवर्षे चिघळणाऱ्या वणात क्वचित त्वचेचा कर्करोगही झाल्याची नोंद आहे. म्हणून निर्णय रोगाच्या वेगावर ठरावा. पसरणारा, दुखणारा, पू करणारा रोग असेल तर औषधाचा धोका पत्करण्यात शहाणपण आहे. दोन वर्षे कड जागची हललेली नाही, खाज नाही, खवला नाही, अशा जुन्या वणावर तीव्र औषधे ओतण्यात नाही. तिथे नुसती देखरेख हाही उपचारच आहे.

हीच सावधगिरी केशरोपणाच्या जाहिरातींसमोर बाळगावी लागते. शहराशहरांत उघडलेल्या केंद्रांत वण असलेली जागा ‘भरून’ देण्याची आश्वासने मिळतात. साध्या, आनुवंशिक टकलात रोपलेले केस टिकतात, कारण तिथे कोणी हल्ला करत नसतो. वण पाडणाऱ्या रोगात मात्र रोग जागा असेल तर नवे केशकूपही त्याचे भक्ष्य होतात, आणि शस्त्रक्रियेच्या जखमेने झोपलेला रोग उठल्याचीही उदाहरणे आहेत. म्हणून रोग औषधाविना किमान एक-दोन वर्षे शांत राहिल्यावरच जाणते शल्यविशारद रोपण हाती घेतात. तेही आधी थोड्या जागेत, आणि वणात रक्तपुरवठा कमी असल्याने कमी केस जगतील असे स्पष्ट सांगून. कपाळाची केसांची रेषा मागे नेणाऱ्या फ्रंटल फायब्रोसिंग अॅलोपेशियात सुरुवातीला रुजलेले केस काही वर्षांनी गळाल्याचे दिसले आहे. वण झाकणारी पावडर, विग किंवा कातडीवर ठिपके गोंदवून केसांचा भास निर्माण करणे यांना कमी लेखण्याचे कारण नाही. त्यांनी रोग चाळवण्याची शक्यता कमी आणि खर्चही पुष्कळदा कमी.

तेव्हा उपचार सुरू करताना डॉक्टरांना ‘केस येतील का?’ याआधी चार प्रश्न विचारावेत : रोगाचे नेमके नाव काय, तो आता जागा आहे की झोपलेला, हे औषध किती महिने चालेल, आणि ते बंद केल्यावर रोग उलटला तर पुढची पायरी कोणती. दर तीन-चार महिन्यांनी त्याच उजेडात, त्याच अंतरावरून डोक्याचा फोटो काढून ठेवावा आणि टकलाची कड पुढे सरकते आहे का ते पाहावे. आरशातल्या रोजच्या निरीक्षणापेक्षा तो पुरावा भरवशाचा असतो. एकाच जागी वारंवार पू येत असेल, एका छिद्रातून केसांचे झुबके निघत असतील, किंवा टक्कल पडलेल्या जागेवर छिद्रेच दिसत नसतील, तर घरगुती प्रयोगांत आणि पाच-पाच दिवसांच्या कोर्समध्ये वेळ घालवू नये. त्वचारोगतज्ज्ञाकडे जावे आणि बायोप्सी सुचवली तर घाबरू नये. या रोगांवर हुकमी औषध अजून नाही. पण लवकर निदान, रोगानुसार औषध आणि ते सुटल्यानंतरची देखरेख एवढे जमले, तर बहुसंख्य रुग्णांच्या डोक्यावर वाचवण्याजोगे केस अजून पुष्कळ असतात.